अणूचा इंटरफेरोमीटर नक्की काय मोजतो, गुरुत्वाकर्षण की वेळ?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, इथे कोणी कोल्ड ॲटम्सवर, म्हणजे लेसरने थंड केलेल्या अणूंवर, काम करणारं असेल तर नीट समजावून सांगा प्लीज. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, त्यामुळे थोडंफार गणित चालेल, टेन्सर वगैरे नको.

जमिनीजवळचं घड्याळ उंचावरच्या घड्याळापेक्षा हळू चालतं हे आता प्रयोगांनी पक्कं झालंय. १९७६ ला ग्रॅव्हिटी प्रोब ए मध्ये हायड्रोजन मेसरचं घड्याळ रॉकेटवरून १०,००० किलोमीटर वर पाठवलं, २०१० मध्ये अमेरिकेतल्या निस्ट या मापनसंस्थेने ॲल्युमिनियम आयनची दोन घड्याळं फक्त ३३ सेंटिमीटर खाली-वर ठेवून तोच परिणाम पकडला, आणि २०२० मध्ये टोकियो स्कायट्रीवर ४५० मीटरच्या फरकाने स्ट्रॉन्शियमची घड्याळं लावली. इथपर्यंत मला कळतं. दोन घड्याळं, दोन उंच्या, फरक मोजायचा.

पण इंटरफेरोमीटरमध्ये, म्हणजे एकाच्या दोन वाटा करून त्या परत जुळवणाऱ्या यंत्रात, अणू एकच, आणि तो एकाच वेळी दोन उंचींवरून जातो. मग त्याच्यासाठी वेळ कुठल्या वाटेवरचा धरायचा? २०१० च्याच एका नेचरमधल्या पेपरात होल्गर म्युलर, आखिम पीटर्स आणि स्टीव्हन चू यांनी मांडलं होतं की अणूंच्या इंटरफेरोमीटरने ग्रॅव्हिटेशनल रेडशिफ्ट, म्हणजे उंचीमुळे घड्याळात पडणारा हाच फरक, रॉकेटवाल्या प्रयोगापेक्षा दहा हजार पट अचूक मोजली गेली. मी हिशोब करून बघितला. १ मीटर उंचीला घड्याळात फरक पडतो साधारण १० चा उणे १६ वा घात एवढा, आणि या प्रयोगांत अणूच्या दोन वाटा मिलिमीटरभर लांब आणि तेही सेकंदाच्या दहाव्या भागासाठी, म्हणजे एकूण फरक १० चा उणे २० वा घात सेकंद. जगातलं कुठलंच घड्याळ एवढं एका दमात मोजत नाही. मग हे मोजलं कसं, आणि खरंच वेळच मोजली का? २०२२ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी टंगस्टनची रिंग ठेवून केलेला प्रयोग पण वाचला आणि गोंधळ वाढलाच.

गोफण

पाटीपेन्सिल ताई, प्रश्न एकदम मुळावर बोट ठेवणारा आहे. मी रुबिडियमच्याच एका सेटअपवर काम करतो. सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी यंत्र. व्हॅक्यूममध्ये रुबिडियमचे अणू लेसरने थंड करायचे, काही मायक्रोकेल्विनपर्यंत, म्हणजे त्यांची इकडेतिकडे धावपळ जवळपास थांबते. मग ते सोडून द्यायचे किंवा वर उडवायचे. पडता पडता त्यांच्यावर लेसरचे तीन पल्स मारायचे. पहिला पल्स अणूला अर्धा-अर्धा वाटतो, एक भाग होता त्याच वेगाने जातो आणि दुसऱ्याला धक्का बसतो. दुसरा पल्स दोघांचे वेग अदलाबदल करतो, तिसरा त्यांना परत एकत्र आणतो. धक्का कसा, तर समोरासमोरून येणाऱ्या दोन लेसरपैकी एकातला फोटॉन अणू गिळतो आणि दुसऱ्याच्या दिशेत तो सोडतो, त्यामुळे दोन फोटॉनचा मोमेंटम मिळतो. रुबिडियमला त्यातून सेकंदाला साधारण १.२ सेंटिमीटर वेग येतो. दोन पल्समधलं अंतर ०.१ सेकंद असेल तर वाटा १.२ मिलिमीटर लांब होतात, ताईंचा अंदाज बरोबर आहे. ही तीन पल्सची रीत मार्क कासेविच आणि चू यांनी १९९१ ला सोडियमवर दाखवली. त्याआधी १९७५ मध्ये कोलेला, ओव्हरहाउझर, वर्नर यांनी न्यूट्रॉनवर गुरुत्वाकर्षणाची फेज (लाट तिच्या चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) पहिल्यांदा पाहिली होती, पण तिथे न्यूट्रॉन वाकवायला सिलिकॉनचा क्रिस्टल लागायचा.

आता मोजलं जातं ते काय. प्रत्येक पल्सच्या वेळी अणू जिथे असेल तिथली लेसरची फेज त्याच्यावर छापली जाते. लेसरच्या लाटा म्हणजे एक मोजपट्टी समजा, ७८० नॅनोमीटरचे दोन लेसर समोरासमोर असल्याने तिच्यावर दर ३९० नॅनोमीटरला एक खूण. अणूने तीन वेळा या पट्टीवर आपली जागा नोंदवली की त्यातून त्याचं त्वरण निघतं. शेवटी फेज येते के गुणिले जी गुणिले टी चा वर्ग. के म्हणजे दोन्ही लेसर मिळून वेव्ह नंबर, जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, टी म्हणजे दोन पल्समधला वेळ. ०.१ सेकंदासाठी आकडे घातले तर सुमारे १६ लाख रेडियन! म्हणजे अडीच लाख फ्रिंज, फेजचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक फ्रिंज. शेवटच्या फ्रिंजचा हजारावा भाग वाचता आला तर जी अब्जात साधारण ४ भागांपर्यंत कळतो. फ्रिंज कुठे पडद्यावर दिसत नाहीत बरं का, अणूंच्या दोन अवस्था असतात, कुठल्या अवस्थेत किती अणू सापडले ते फ्लुरोसन्सने मोजायचं, त्या प्रमाणावरून फेज.

प्रत्यक्षात आम्ही काय करतो तर पडत्या अणूला डॉपलरमुळे लेसरची फ्रिक्वेन्सी बदललेली दिसते, तेवढीच आपणही बदलत न्यायची, सेकंदाला जवळपास २५ मेगाहर्ट्झ. ज्या रेटला फ्रिंज सरकणं थांबतं तो रेट म्हणजेच जी. १९९९ मध्ये पीटर्स, चंग आणि चू यांनी सीझियमवर हे केलं तेव्हा अनिश्चितता अब्जात ३ भाग होती, आणि शेजारी काचेचा प्रिझम पाडून मोजणाऱ्या नेहमीच्या ग्रॅव्हिमीटरशी ते जुळलं. म्हणजे लाखो अणूंचा ढग आणि काचेचा ठोकळा एकाच त्वरणाने पडतात हेही त्यात आलं.

मग वेळ कुठून आली? अणूचं वस्तुमान गुणिले सी (प्रकाशाचा वेग) वर्ग भागिले प्लँकचा स्थिरांक, याला कॉम्प्टन फ्रिक्वेन्सी म्हणतात. सीझियमसाठी ती सेकंदाला ३ गुणिले १० चा २५ वा घात एवढी निघते. २०१० च्या पेपरात म्हणणं असं होतं की अणू हे स्वतःच या फ्रिक्वेन्सीने टिकटिकणारं घड्याळ आहे. तुमचा उणे २० वाला वेळेचा फरक घ्या आणि या प्रचंड संख्येने गुणा, लाखो रेडियन मिळतात. कागदावर नीट सोडवलं तर रेडशिफ्टची फेज बरोब्बर के जी टी वर्गच येते, वस्तुमान आणि सी दोन्ही कटून जातात. पाहिलं की खरंच थक्क व्हायला होतं.

पण इथेच वाद आहे. एकूण फेज तीन भागांची बनते. एक रेडशिफ्टचा, दुसरा वेगामुळे होणाऱ्या टाइम डायलेशनचा, तिसरा लेसरने छापलेला. पहिला अधिक के जी टी वर्ग, दुसरा उणे तेवढाच, तिसरा परत अधिक तेवढाच. बेरीज एकच उरते. म्युलर वगैरे म्हणाले दुसरा आणि तिसरा एकमेकांना खातात, उरते ती रेडशिफ्ट. पॅरिसहून पीटर वोल्फ, लुक ब्लांशे, ख्रिश्चन बोर्डे, रेनो, सालोमाँ आणि क्लोद कोहेन-तानुजी यांनी नेचरमध्येच उत्तर दिलं की पहिला आणि दुसरा एकमेकांना खातात, उरते ती लेसरची फेज, म्हणजे हा त्वरणमापक आहे, घड्याळ नाही. चू आणि कोहेन-तानुजी १९९७ च्या नोबेलचे सहविजेते, दोघांनाही ते अणू लेसरने थंड करण्याच्या कामासाठीच मिळालेलं, आणि इथे दोघं समोरासमोर.

माझं मत पॅरिसच्या बाजूने आहे आणि कारण ताईंना वर्गात सांगता येईल असं आहे. अणूंच्या बरोबर स्वतःला पडू द्या. त्या फ्रेममध्ये गुरुत्वाकर्षणच नाही. एक भाग आधी थांबलेला मग चालता, दुसरा आधी चालता मग थांबलेला, दोघांचा वेग सारखा, चालण्याचा काळ सारखा. मग दोघांसाठी गेलेला वेळही तंतोतंत सारखा. फरक शून्य! या फ्रेममध्ये वर धावतोय तो फक्त लेसरचा आरसा, आणि मोजलं जातं ते त्याचं त्वरण. सगळीकडे सारखंच असलेलं गुरुत्वाकर्षण असेल तर असा बंद इंटरफेरोमीटर वाटांमधला वेळेचा फरक दाखवूच शकत नाही, कारण फरक नाहीच.

सह्यकडा

गोफण, फार छान लिहिलंय, तीन भागांची बेरीज दोन पद्धतीने कापता येते हे मी कुठेच इतकं सरळ वाचलं नव्हतं. पण मग माझा पुढचा प्रश्न येतो. असं असेल तर हे यंत्र म्हणजे महागडा पडणारा ठोकळाच झाला की. क्वांटम म्हणून त्यात वेगळं काय? न्यूटनचा जी मोजायला सुपरपोझिशन, म्हणजे अणूचं एकाच वेळी दोन वाटांवर असणं, कशाला पाहिजे? आणि स्टॅनफर्डवाल्यांनी टंगस्टन ठेवून जे काढलं ते पण शेवटी टंगस्टनच्या ओढीने अणू किती सरकला एवढंच असेल ना?

चांदणवेल

स्टॅनफर्डचं गोफण सांगतीलच, मी "महागडा ठोकळा" या मुद्द्यावर लिहिते कारण माझं काम जिओफिजिक्सचं आहे आणि आम्हाला जी हाच हवा असतो, वेळ नको.

काचेचा प्रिझम पाडणाऱ्या यंत्रात तो प्रिझम पुन्हा पुन्हा वर उचलून पाडावा लागतो, त्यातले भाग झिजतात, महिनोन्महिने सलग चालवता येत नाही. अणू झिजत नाहीत, रुबिडियम-८७ चा प्रत्येक अणू दुसऱ्यासारखाच, कॅलिब्रेशन लेसरच्या फ्रिक्वेन्सीवरून होतं. त्यामुळे असा ग्रॅव्हिमीटर २०२० मध्ये थेट एटना ज्वालामुखीवर नेऊन बसवला, मॅग्मा हलला की वरचा जी किती बदलतो ते सलग बघायला. प्रयोगशाळेतलं लेसर टेबल उचलून ज्वालामुखीवर चालवणं हे केवढं मोठं काम आहे ते ज्याने फील्डवर यंत्र नेलंय त्यालाच कळेल.

आकड्यांची कल्पना यावी म्हणून, आमचं एकक मायक्रोगॅल, म्हणजे जी चा साधारण अब्जावा भाग. यंत्र १ सेंटिमीटर वर उचललं की ३ मायक्रोगॅल कमी. चंद्र-सूर्याच्या भरतीने दिवसभरात १०० च्या आसपास मायक्रोगॅल वरखाली होतात, आणि जमिनीखाली १ मीटर जाडीचा नुसता पाण्याचा थर आला तर सुमारे ४२. ऐकायला भारी वाटतं, आपल्याकडची भूजलाची पातळी वरूनच मोजावी. पण आपला दख्खनचा बेसॉल्ट पाणी धरतोच किती, २ टक्के धरलं तर विहिरीत पाणी १ मीटर वाढल्यावर जी मध्ये फरक एक मायक्रोगॅलपेक्षाही कमी. त्यामुळे मराठवाड्यातल्या विहिरींचं उत्तर यातून लगेच मिळेल अशी आशा मी तरी कोणाला दाखवणार नाही. गंगेच्या गाळाच्या प्रदेशात परिस्थिती वेगळी, तिथे मातीत पाणी मावतं.

बाकी एक प्रयोग जरूर वाचा, २०२२ चा बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीचा. त्यांनी दोन अणूंचे ढग एकावर एक ठेवून त्यांच्या जी मधला फरक काढला आणि रस्त्याखालचा साधारण २ मीटर बाय २ मीटरचा बोगदा शोधला. यातली गंमत अशी की दोन्ही ढगांना एकच लेसर आणि एकच आरसा, त्यामुळे रस्त्यावरच्या ट्रॅफिकने आरसा थरथरला तरी दोघांना सारखाच थरथरलेला दिसतो आणि वजाबाकीत जातो. एकट्या ग्रॅव्हिमीटरचं निम्मं आयुष्य कंपनांशी झगडण्यात जातं, ही अडचण तिथे सुटली. इटलीत फ्लॉरेन्सला २०१४ मध्ये याच दोन ढगांच्या पद्धतीने ५१६ किलो टंगस्टन आसपास हलवून न्यूटनचा स्थिरांक कॅपिटल जी काढला, ६.६७१९१ गुणिले १० चा उणे ११ वा घात (एसआय एककांत) आला, अनिश्चितता दशलक्षात १५० भाग. दोनशे वर्षं तारेला टांगलेल्या गोळ्यांनी मोजला जाणारा आकडा पडत्या अणूंनी मोजला म्हणजे चुका असतील तर निदान वेगळ्या प्रकारच्या असतील, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

गोफण

चांदणवेल ताई, वा! बेसॉल्टचा हिशोब माझ्यासाठी नवीन होता.

सह्यकडा, स्टॅनफर्डकडे येतो. क्रिस ओव्हरस्ट्रीट, पीटर आसेनबाउम, कासेविच यांचा ग्रुप, रुबिडियम आणि १० मीटर उंचीचा फाउंटन, म्हणजे अणू वर उडवून पडू देणारी नळी. त्यांनी एकेका अणूच्या दोन वाटा २५ सेंटिमीटर लांब नेल्या. एवढ्या लांब न्यायला दोन फोटॉनचा धक्का पुरत नाही, ५२ फोटॉनचा दिला. वरच्या वाटेच्या टोकाजवळ १.२५ किलोची टंगस्टनची रिंग. म्हणजे अणूचा एक भाग रिंगजवळ, दुसरा पाव मीटर खाली.

तुमची शंका रास्त आहे, ओढीने अणू थोडासा सरकतो, आणि सरकला की लेसरच्या पट्टीवर वेगळी खूण वाचली जाते. त्यांनी तो भाग वेगळा काढला. ज्याच्या वाटा जवळजवळ आहेत अशा इंटरफेरोमीटरमध्ये फक्त सरकण्याचाच परिणाम दिसतो, वाटा लांब असल्या की त्याशिवाय आणखी एक फेज येते. ती उरलेली फेज दोन वाटांवरच्या पोटेंशियलच्या (दर किलोमागे गुरुत्वाकर्षणाच्या ऊर्जेच्या) फरकातून येते, कुठल्याही एका जागच्या बलातून ती काढता येत नाही. १९५९ मध्ये अहारोनोव आणि बोम यांनी इलेक्ट्रॉनसाठी हेच म्हटलं होतं, सोलेनॉइडच्या बाहेरून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला चुंबकीय क्षेत्र लागत नाही तरी फेज बदलते. इथे अणूवर बल अजिबात नव्हतं असं नाही, त्यामुळे काटेकोर माणूस म्हणेल हा शुद्ध अहारोनोव-बोम नव्हे, आणि त्याचं म्हणणं मला पटतं. तरीपण बलाचा सगळा हिशोब वळता करूनही फेज उरते ही गोष्ट पडत्या ठोकळ्याच्या भाषेत बसत नाही.

आता ताईंचा वेळेचा हिशोब इथे लावून बघू. १.२५ किलो वस्तुमानापासून १० सेंटिमीटरवर पोटेंशियल काढा, सी वर्गाने भागा. घड्याळात फरक पडेल १० चा उणे २६ वा घात, त्याच्या आसपास. कुठलंही घड्याळ हे कधी मोजेल असं मला वाटत नाही. पण तेच पोटेंशियल रुबिडियमच्या वस्तुमानाने गुणून एच-बारने, म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले २ पाय याने, भागलं की सेकंदाला साधारण १ रेडियन येतं. हाताने सहज मोजता येईल एवढी फेज! आणि इथे तुम्ही अणूंबरोबर पडून सुटका करून घेऊ शकत नाही, कारण रिंगचं गुरुत्वाकर्षण दोन वाटांवर वेगळं आहे, एका लिफ्टमध्ये बसून दोन्ही घालवता येत नाहीत. म्हणून मी म्हणतो की वेळेचा फरक खरा शिरतो तो इथे, सारख्या गुरुत्वाकर्षणात नाही. याच ग्रुपने २०१७ मध्ये पृथ्वीच्या आणि जवळ ठेवलेल्या वस्तुमानाच्या अशा असमान ओढीची फेज एकाच अणूच्या वेव्ह फंक्शनवर दाखवली होती, तो या रस्त्यावरचा आधीचा टप्पा.

पाटीपेन्सिल

गोफण दादा, चांदणवेल ताई, मनापासून आभार. पडत्या फ्रेममधला युक्तिवाद मी वहीत उतरवून घेतला, तो बारावीला नक्की सांगता येईल. उणे २६ आणि १ रेडियन हे शेजारी ठेवल्यावर एकदम प्रकाश पडला, फेज म्हणजे वेळेचा फरक गुणिले ती अफाट फ्रिक्वेन्सी.

पण एक शंका आहे. ती कॉम्प्टन फ्रिक्वेन्सी कोणी थेट पाहिलेली नाही ना? म्हणजे निस्टचं घड्याळ जसं टिकटिक मोजून दाखवतं तसं हे नाही. मग अणूच्या आत खरंखुरं घड्याळ चालू ठेवून ते दोन वाटांनी पाठवता येणार नाही का? एका वाटेवर ते पुढे जाईल, दुसऱ्यावर मागे राहील, मग एकत्र आल्यावर काय वेळ दाखवेल?

गोफण

ताई, तुम्ही आत्ता जे विचारलं तो स्वतंत्र विषय झालाय आणि माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात सुंदर प्रश्न तोच आहे.

माग्दालेना झिक, फाबियो कोस्टा, इगोर पिकोव्स्की आणि चास्लाव ब्रुकनर यांनी २०११ मध्ये हे मांडलं. अणूच्या दोन ऊर्जापातळ्यांची सुपरपोझिशन म्हणजे घड्याळ, तिची फेज फिरत राहते तो काटा. स्ट्रॉन्शियमचं घड्याळ ६९८ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशावर चालतं, सेकंदाला ४२९ लाख कोटी वेळा टिकटिक. आता हे घड्याळ दोन उंचींवरून पाठवलं आणि एका वाटेवर थोडं पुढे गेलं, तर घड्याळाकडे बघून कळू शकतं की अणू कुठल्या वाटेने आला. आणि वाट कळू शकत असेल तर इंटरफेरन्स राहत नाही, कोणी बघितलं नाही तरी. म्हणजे फ्रिंज नुसत्या सरकणार नाहीत, त्या फिक्या पडतील. फरक बरोबर अर्ध्या टिकचा झाला की पूर्ण पुसल्या जातील, एका पूर्ण टिकचा झाला की पुन्हा उमटतील. एकत्र आल्यावर काय वेळ दाखवेल याचं उत्तर हे की ठरावीक एक वेळ नसतेच, दोन वेळांची सुपरपोझिशन असते आणि ती फिक्या फ्रिंजमधून दिसते. सरकलेली फ्रिंज न्यूटनच्या पोटेंशियलनेही समजावता येते, पण फ्रिंज फिकी पडून परत येणं समजवायला क्वांटम आणि आइन्स्टाइनचा वेळ दोन्ही एकत्र लागतात. म्हणून एवढी ओढ या प्रयोगाची.

करायला किती अवघड ते बघा. अर्धी टिक म्हणजे सुमारे १.२ गुणिले १० चा उणे १५ वा घात सेकंद. १ मीटर उंचीला दर सेकंदाला १.१ गुणिले १० चा उणे १६ वा घात मिळतो. म्हणजे अणू स्वतःपासून १ मीटर लांब राहून १० सेकंदांपेक्षा थोडा जास्त वेळ टिकला पाहिजे. २०१५ मध्ये स्टॅनफर्डला ५४ सेंटिमीटर अंतर गाठलं होतं, पण पडत्या अणूंना वेळ मिळतो तो दोनेक सेकंदांचाच. २०२४ मध्ये बर्कलीला म्युलरच्याच ग्रुपने अणू प्रकाशाच्या लॅटिसमध्ये (लेसरच्या लाटांनी केलेल्या जाळीत) धरून सुपरपोझिशन ७० सेकंद टिकवली, पण तिथे वाटांमधलं अंतर काही मायक्रॉन. लांबी एकाकडे, वेळ दुसऱ्याकडे. दोन्ही एकाच यंत्रात यायला हवेत, आणि लांब नेताना घड्याळाच्या दोन्ही पातळ्यांना तंतोतंत सारखा धक्का द्यायला हवा, नाहीतर वेगळंच काहीतरी फ्रिंज फिक्या करेल. इस्राएलमधल्या बेन-गुरियन युनिव्हर्सिटीत रॉन फोल्मन यांच्या ग्रुपने २०१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या जागी चुंबकीय क्षेत्राचा उतार वापरून ही फिकी पडण्याची क्रिया दाखवली. गणित तेच, पण वेळेचा फरक नकली होता. खरा अजून बाकी आहे.

आल्बर्ट रोउरा यांची २०२० ची एक युक्ती मला फार आवडते. सारख्या गुरुत्वाकर्षणात बंद इंटरफेरोमीटरला वेळ दिसत नाही हे वर बोललोच. ते म्हणतात घड्याळ सुरुवातीला चालू करूच नका, अणू दोन वाटांवर गेल्यावर मध्येच एका क्षणी दोन्हीकडचं घड्याळ चालू करा, आणि तो चालू करण्याचा क्षण बदलत बदलत फेजमधला फरक बघा. त्याने बाकीचं सगळं कटतं आणि रेडशिफ्टच उरते. हानोवर, ब्रेमेन भागात यासाठी लागणारे उंच सेटअप आहेत, त्यामुळे हे माझ्या डोळ्यांदेखत होईल अशी मला मनापासून आशा आहे.

सह्यकडा

मी मघाशी "महागडा ठोकळा" म्हणालो खरा, पण फ्रिंज पुसल्या जाऊन परत उमटणं हे कुठल्याच ठोकळ्याला जमणार नाही.

आपल्याकडे काय चाललंय कोणाला माहितीये? पुण्यात आयसरमध्ये कोल्ड ॲटम्सवर काम चालतं हे ऐकून आहे, आणि २०२३ च्या नॅशनल क्वांटम मिशनमध्ये सेन्सिंग आणि मेट्रॉलॉजीचा हब आयआयटी मुंबईला मिळालाय. शिवाय हिंगोलीला औंढ्याजवळ लायगो-इंडिया हे गुरुत्वीय लहरी पकडणारं यंत्र होतंय, ४ किलोमीटरच्या भुजा, २०२३ ला २६०० कोटींची मंजुरी मिळाली. तिथे लेसर आणि आरसे. मग अणूंचे इंटरफेरोमीटर गुरुत्वीय लहरी पकडू शकतात असं वाचतो ते लायगोच्या ऐवजी की त्याच्याबरोबर?

गोफण

लायगोच्या बरोबरीने, ऐवजी नाही. लायगोला साधारण १० हर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही, जमीनच इतकी हलत असते. अंतराळातलं लिसा हे यंत्र २५ लाख किलोमीटरच्या भुजा घेऊन मिलिहर्ट्झच्या पट्ट्यात बघेल. मधला पट्टा, ०.१ पासून काही हर्ट्झपर्यंत, रिकामा आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोने पकडलेली दोन कृष्णविवरांची टक्कर लायगोला ०.२ सेकंद दिसली होती. तीच जोडी ०.१ हर्ट्झच्या पट्ट्यात टक्कर होण्याआधी जवळपास दोन आठवडे दिसत राहिली असती, हिशोब करून बघा. म्हणजे मधल्या पट्ट्यातलं यंत्र आधी सांगेल की आकाशात अमुक दिशेला अमुक दिवशी टक्कर होणार, आणि हिंगोली तेव्हा शेवटचा भाग ऐकेल. दुर्बिणीवाल्यांना तर हे वरदानच.

यासाठी अमेरिकेत फर्मीलॅबला मॅजिस-१०० नावाचं यंत्र उभं करताहेत, न्यूट्रिनोच्या प्रयोगासाठी खणलेल्या १०० मीटरच्या शाफ्टमध्ये. ताई, तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. तिथे स्ट्रॉन्शियमचे ढग वर-खाली असतात आणि एकच लेसर दोघांवरून जातो. प्रकाशाला वरच्या ढगापासून खालच्या ढगापर्यंत पोचायला जो वेळ लागतो तेवढा वेळ एका ढगाचं घड्याळ जास्त चाललेलं असतं. गुरुत्वीय लहर आली की हा प्रवासाचा वेळ बदलतो आणि दोन घड्याळांच्या फरकात दिसतो. लेसरचा स्वतःचा गोंगाट दोन्ही ढगांवर सारखाच छापला जातो म्हणून कटतो. म्हणजे इथे अणू खरोखर घड्याळ म्हणून वापरलाय, कॉम्प्टनवाल्या वादाची भानगडच नाही. १०० मीटर लहरी पकडायला पुरणार नाहीत, ते पद्धत सिद्ध करायला आहे, पुढे किलोमीटरभर लांबीचं हवं.

चांदणवेल

जागेबद्दल एक मुद्दा घालते, कारण मधल्या पट्ट्यात तोच सगळ्यात त्रासाचा ठरणार आहे. जमिनीची थरथर वजाबाकीत जाते हे मी वर बर्मिंगहॅमबद्दल लिहिलं, पण माती हलली की तिचं गुरुत्वाकर्षणही हलतं, भूकंपलहर जाताना जमीन दाबली-सुटली की घनता बदलते, वरून हवेचा दाब बदलला तरी तेच. ही ओढ थेट अणूवर पडते आणि ती दोन्ही ढगांना सारखी नसते, म्हणून कटत नाही. आरशाला स्प्रिंगवर टांगता येतं, पण ही ओढ अडवायला मध्ये कुठलाच पडदा घालता येत नाही. फ्रान्समध्ये रुस्त्रेलच्या भुयारातल्या मिगा प्रकल्पामागे म्हणूनच दोनच्या ऐवजी एकाच लेसरवर अनेक ढग रांगेने लावायचा विचार आहे. जवळच्या मातीची ओढ प्रत्येक ढगावर वेगळी पडते आणि थोड्या अंतरावर बदलत जाते, लांबून आलेली लहर मात्र सगळ्या रांगेवर एकाच नियमाने वाढत जाते, त्यामुळे सरासरी काढून दोन्ही वेगळ्या करता येतात. सह्यकडा, भारतात असं कधी करायचं ठरलं तर खोल, शांत खडकातली तयार भुयारं आधी बघावी लागतील, आणि वर्षभर तिथला जी आणि कंपनं मोजल्याशिवाय जागा पक्की करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.